संगणक तबकडी वाचत नाही : दोष बियाण्यात की तिफणीत?

रोहिणी नक्षत्र सरत आले आणि मृगाची चाहूल लागली, की पूर्णा तालुक्यातील गावोगावी पेरणीपूर्व बैठका सुरू होतात. पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन; एका बाजूस परभणी, दुसऱ्या बाजूस नांदेड, आणि शहराच्या दक्षिणेस पूर्णा नदी गोदावरीस मिळते. ह्या नद्यांकाठची खोल, काळी जमीन सोयाबीन, कापूस, तूर, हळद अशा पिकांना मानवणारी आहे. उन्हाळ्यात मात्र हीच माती बारीक धूळ होऊन उडते आणि घरात, पेटीत, कपाटात, तसेच ग्रामपंचायतीच्या संगणकाच्या पोटातही जाऊन बसते. प्रस्तुत लेखाचा विषय त्या धुळीशी निकटचा आहे.

अशा एखाद्या बैठकीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. सायंकाळची वेळ, शाळेच्या ओसरीवर तीस-चाळीस शेतकरी जमलेले. ग्रामकार्यकर्त्याने दोन तबकड्या आणल्या आहेत. एकीवर बीजप्रक्रियेची चित्रफीत आहे. दुसरीवर गावच्या पाणलोट कामाचे नकाशे आणि प्रत्येक बांधाची मोजमापे आहेत. ती दहा-बारा वर्षांपूर्वी उतरवून ठेवलेली, आणि मूळ कागद पुढे वाळवीने खाल्ले. यंदा कोणते बांध आधी दुरुस्त करावयाचे, ते त्या मोजमापांवरून ठरावयाचे आहे. कार्यकर्ता तबकडी खणात ठेवतो, खण आत जातो, हिरवा दिवा लुकलुकतो, आत घरघर होते, थांबते, पुन्हा होते; आणि पडद्यावर अक्षरे उमटतात की, कृपया तबकडी घाला. तबकडी तर आतच आहे! तो ती काढतो, सदऱ्याच्या टोकाने गोलगोल पुसतो, पुन्हा घालतो. तीन-चार वेळा हेच होते. कोणी म्हणतो संगणक बिघडला, कोणी म्हणतो तबकडीच खराब दिली. अर्ध्या तासाने मंडळी उठून जातात.

तबकड्यांचा काळ सरला, असे कोणी म्हणेल, आणि ते बव्हंशी खरेही आहे. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडीचा खणच नसतो आणि चित्रफिती आता मोबाइलवर पाहिल्या जातात. परंतु महाराष्ट्रात ‘संग्राम’ म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र हा प्रकल्प २०११ साली सुरू झाला आणि ग्रामपंचायतींतून संगणकाचा वापर वाढला. त्याच्या आगेमागे कितीतरी छायाचित्रे, नकाशे, याद्या आणि प्रशिक्षणाच्या चित्रफिती सीडी-डीव्हीडींवर उतरवून ठेवण्यात आल्या. त्या वेळी तेच सर्वांत स्वस्त साधन होते. त्या तबकड्या आज दप्तराच्या कपाटात पडून आहेत, आणि त्यांतील पुष्कळांवरील मजकुराची दुसरी प्रत कोठेही नाही. म्हणूनच ड्राइव्ह तबकडी वाचीनासा झाला म्हणजे काय करावे, हे कार्यकर्त्याला आजही ठाऊक असावयास हवे.

पेरणी चालू असता एखादे तास कोरडे पडत आहे असे दिसले, तर जाणता शेतकरी लगेच बियाण्याला दोष देत नाही. तो औत थांबवितो, चाडे पाहतो, नळे पाहतो. बहुधा एखादा नळा चिखलाने तुंबलेला असतो; तो काडीने मोकळा केला की बी पुन्हा पडू लागते. नळे मोकळे असूनही उगवण झाली नाही, तर मग बियाण्याचा विचार. तबकडीच्या बाबतीत प्रश्न हाच आहे. तबकडी हे बियाणे, ड्राइव्ह ही तिफण. दोहोंपैकी दोष कोणात आहे, हे ठरविण्यापूर्वी केलेला प्रत्येक उपाय अंधारात मारलेला दगड होय.

तबकडी वाचली जाते ती कशी

वडीलधाऱ्या वाचकांना ग्रामोफोनची तबकडी आठवत असेल. तीत सुई खाचेत घासत जाते आणि बाहेरून आत सरकते. संगणकाची तबकडी ह्याच्या उलट आहे. फिलिप्स व सोनी ह्या दोन कंपन्यांनी मिळून बनविलेली ही तबकडी १९८२ साली प्रथम गाण्यांसाठी बाजारात आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. तिचे वाचन मधल्या भोकापासून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे जाते आणि तिला काहीही स्पर्श करीत नाही. खालून एका लहानशा भिंगातून लेसरचा किरण वर जातो, पारदर्शक प्लास्टिक ओलांडून आतील चकचकीत थरावर आदळतो आणि परत येतो. परतणाऱ्या प्रकाशातील चढउतार हेच संगणकाचे लिखाण. सीडीवर ह्या लिखाणाच्या दोन शेजारच्या वळशांमधील अंतर केवळ १.६ मायक्रोमीटर असते. माणसाच्या केसाच्या जाडीत असे चाळीसएक वळसे सहज मावतात. डीव्हीडीवर हे अंतर निम्म्याहूनही कमी, ०.७४ मायक्रोमीटर असते.

इतक्या नाजूक लिखाणाला एका धूलिकणानेही बाध यावयास हवा, पण तसे होत नाही. किरण तबकडीच्या पृष्ठभागावर शिरतो तेव्हा तो पाऊण मिलिमीटरएवढा रुंद असतो आणि आत थरापाशी पोहोचता पोहोचता बारीक होतो. त्यामुळे तबकडीवरचा कण त्याला झाकू शकत नाही. खिडकीच्या काचेवर माशी बसली म्हणून बाहेरचे शिवार दिसेनासे होत नाही, तसेच हे आहे. शिवाय लिखाणात चूक दुरुस्त करण्याची सोय मुळातच ठेवलेली असते, व त्यायोगे सीडीवरील दोन-अडीच मिलिमीटर लांबीचा सलग खंडही भरून काढता येतो. भिंगावर बसलेली धूळ मात्र सर्वच प्रकाश मंद करते, आणि मग चांगली तबकडीही ड्राइव्हला वाचता येत नाही.

ह्यावरून कार्यकर्त्याने सदऱ्याच्या टोकाने गोलगोल पुसले ते का चुकले, हे ध्यानी येईल. सदऱ्यावरील धुळीने बारीक ओरखडे पडतात. ते ओरखडे गोल असले, तर लिखाणाच्या वळशाच्या दिशेनेच धावतात आणि एकाच ओळीचा लांब तुकडा नासवितात. तो भरून काढणे सोयीच्या आवाक्याबाहेर जाते. तेच पुसणे मध्यापासून कडेकडे सरळ केले, तर पडलेला ओरखडा प्रत्येक वळसा आडवा कापतो आणि प्रत्येक ठिकाणी इवलीशी जखम करून जातो. ती भरून निघते. म्हणून तबकडी नेहमी मध्यापासून बाहेर, सरळ रेषेत, स्वच्छ मऊ सुती कापडाने पुसावी. डाग चिकट असल्यास साध्या पाण्याने कापड ओलसर करावे. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर कधीही लावू नये. त्याने प्लास्टिक पांढुरके होते.

शंभर दाण्यांची परीक्षा

सोयाबीन पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहण्याची रीत आता गावोगावी परिचित आहे. तशीच सोपी परीक्षा येथे आहे. कारखान्यात छापलेली, चांगली चालते अशी खात्री असलेली एक सीडी व एक डीव्हीडी कार्यालयात निराळ्या ठेवाव्यात आणि त्या अन्य कशालाही वापरू नयेत. ड्राइव्ह अडला की प्रथम ह्या दोन घालून पाहाव्या. नंतर अडलेली तबकडी दुसऱ्या संगणकात घालून पाहावी.

खात्रीच्या दोन्ही तबकड्या चालल्या, तर ड्राइव्ह बहुधा निर्दोष आहे आणि तबकडीकडे वळावे. दोन्ही चालल्या नाहीत, तर दोष ड्राइव्हचा. एक चालली आणि दुसरी नाही, असेही वारंवार घडते, व तेथे पुष्कळ जण गोंधळतात. डीव्हीडी-ड्राइव्हमध्ये सीडीसाठी व डीव्हीडीसाठी निरनिराळे लेसर असतात. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा. त्यांपैकी एक क्षीण झाला तरी दुसरा काम करीत राहतो. म्हणून सीडी चालते आणि डीव्हीडी चालत नाही, एवढ्यावरून डीव्हीडीला खराब ठरवू नये. तसेच फार जुन्या संगणकात केवळ सीडीचाच ड्राइव्ह असतो. तो डीव्हीडी कधीच वाचणार नाही, कारण ते त्याचे कामच नव्हे.

आता संशय तबकडीवर आहे असे धरू. ती दिव्यासमोर धरावी. छापील किंवा लिहिलेल्या बाजूकडून सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले, तर तेथील चकचकीत थरच निघून गेला आहे, आणि त्यावर उपाय नाही. सीडीत हा थर वरच्या, म्हणजे नाव लिहावयाच्या बाजूस अगदी लगत असतो. त्यामुळे सर्वजण जिची काळजी घेतात ती खालची बाजू त्या मानाने बळकट, आणि जिच्यावर बॉलपेनने खुशाल नाव लिहिले जाते, चिकटपट्टी लावून ओढली जाते, ती वरची बाजू नाजूक असते. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असल्याने पुष्कळ सुरक्षित राहतो.

डाग कोठे आहे, तेही पाहावे. तबकडीवर काय काय व कोठे आहे ह्याची अनुक्रमणिका मधल्या भोकाजवळ असते. बोटाचा ठसा तेथे पडला, तर संगणकाला तबकडी आत आहे हेच कळत नाही. कडेजवळचा ओरखडा असेल, तर यादी दिसते, चित्रफीत सुरूही होते, आणि मग मध्येच अडते. मध्यभागी, भोकाच्या कडेला तडा गेला असेल, तर मात्र तबकडी मुळीच घालू नये. वेगवान ड्राइव्ह तिला मिनिटाला हजारो फेरे देतो, आणि तडकलेली तबकडी त्या वेगात फुटून ड्राइव्हचाही नाश करते.

गावात उतरवलेल्या तबकड्यांचे आणखी एक दुखणे आहे. कारखान्यातील तबकडीवर लिखाण साच्याने ठसविलेले असते. घरच्या तबकडीत ते रंगाच्या थरावर उमटविलेले असते, आणि कोणताही रंग उन्हात विटतो. चैत्र-वैशाखात परभणी जिल्ह्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत खिडकीशी किंवा मोटारीच्या काचेखाली राहिलेली तबकडी वरून निर्मळ दिसते आणि तरीही वाचली जात नाही. ती पुसून काही साध्य होणार नाही. तबकडी उतरविताना शेवटची ‘पूर्ण करा’ ही क्रिया राहून गेली असेल, तर ती ज्या संगणकावर लिहिली त्यावरच चालते, इतरत्र नाही; अशी तबकडी मूळ संगणकाकडे परत न्यावी. ओलाव्याचेही भय आहेच. २००१ साली मध्य अमेरिकेतील बेलीझ ह्या दमट देशातून आणलेल्या एका सीडीचा थर बुरशीने पोखरल्याचे स्पेनमधील शास्त्रज्ञांना आढळले होते. आपल्याकडील पावसाळा इतका टोकाचा नसला, तरी ओल धरणाऱ्या भिंतीच्या कपाटात तबकड्या ठेवू नयेत, एवढे त्यावरून घेता येईल.

ड्राइव्हची तपासणी

दोष ड्राइव्हचा ठरल्यास प्रथम कान द्यावा. खण आत गेल्यावर तबकडी फिरण्याचा आवाज येतो का? येत नसेल, तर वीज किंवा मोटर ह्यांकडे पाहावे. टेबलावरील संगणकाच्या ड्राइव्हला १२ व ५ अशा दोन व्होल्टची वीज लागते आणि तबकडी फिरविण्याचा भार १२ व्होल्टवर असतो. वीजपुरवठ्याचा डबा जुना झाला म्हणजे दिवा लागतो, खण सरकतो, पण तबकडी वेग घेत नाही. बाहेरून यू.एस.बी. तारेने जोडावयाचा लहान ड्राइव्ह असेल, तर तो संगणकाच्या मागच्या बाजूस थेट जोडावा. त्याची तार दुतोंडी असल्यास दोन्ही तोंडे लावावी. एका तोंडातून मिळणारी वीज त्याला कित्येकदा पुरत नाही.

आवाज येतो, दोन-तीनदा वाढतो, मंदावतो आणि थांबतो, असे असेल, तर भिंग धुळीने माखले असण्याचा संभव सर्वांत अधिक. पूर्णा भागात फाल्गुनापासून मृगापर्यंत धूळ असते आणि कापूस घरात आल्यावर त्याचे बारीक तंतू हवेत तरंगतात. दोन्ही मिळून भिंगावर पातळ थर धरतात. लॅपटॉपच्या ड्राइव्हचे भिंग खण उघडताच दिसते. संगणक बंद करून रबरी फुग्याच्या पंपाने त्यावर हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, कारण थुंकीचे तुषार उडतात. एवढ्याने भागले नाही, तर कानातील काडीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावून भिंगावरून पिसासारखी फिरवावी आणि ते वाळू द्यावे. हे भिंग बारीक तारांवर तरंगत असते. जोराने दाबले की कायमचे वाकडे होते. टेबलावरील संगणकात भिंग आत दडलेले असते. तेथे कवच उघडणे सरावलेल्या हाताकडेच सोपवावे, आणि कवच उघडे ठेवून ड्राइव्ह कधीही चालवू नये. सीडीचा लेसर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणूनच तो अधिक धोक्याचा आहे.

थंड खोलीतून संगणक एकाएकी दमट हवेत आणला, तर भिंगावर दव धरते. असा संगणक तासभर तसाच ठेवला की दोष आपोआप नाहीसा होतो. किती ड्राइव्ह ह्या एका तासाच्या अधीरतेने भंगारात गेले असतील, कोण जाणे!

खणच उघडत नसेल, तर संगणक बंद करून खणाच्या तोंडावरील बारीक छिद्रात कागदाला लावावयाची तारेची क्लिप सरळ करून हलकेच दाबावी. खण बाहेर येतो. हे वारंवार होत असल्यास खण ओढणारा रबरी पट्टा उष्णतेने सैल अथवा कडक झाला आहे असे समजावे.

संगणकाच्या यादीत ड्राइव्हचे नावच दिसत नसेल, तर त्याचा धुळीशी संबंध नाही. तारा पाहाव्या. ग्रामीण कार्यालयात उंदीर हे तारांचे पहिले शत्रू आहेत, आणि ट्रॅक्टरवरून आणलेल्या संगणकात जोडणी ढिली होणे नित्याचेच आहे. वीज पूर्ण बंद करून दोन्ही तारा काढून पुन्हा घट्ट बसवाव्या. तारा ठीक असूनही विंडोजमध्ये ड्राइव्ह दिसत नाही किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे पिवळे चिन्ह येते, अशा वेळी तेथूनच ड्राइव्हची नोंद काढून टाकावी व संगणक पुन्हा सुरू करावा. तो ड्राइव्हला नव्याने ओळखतो. तबकडी लिहिण्याचा एखादा जुना प्रोग्राम काढून टाकल्यानंतर ड्राइव्ह अदृश्य होणे, हा विंडोजमधील ओळखीचा प्रकार आहे. त्याचे मूळ रजिस्ट्रीत मागे राहिलेल्या ‘अपर फिल्टर्स’ व ‘लोअर फिल्टर्स’ ह्या नोंदींत असते. त्या नोंदी जाणकारानेच, आधी प्रत घेऊन, काढाव्यात.

इतके करूनही ड्राइव्ह चालला नाही, तर त्याच्या दुरुस्तीत पैसा घालू नये. लेसर क्षीण झाला की तो पुन्हा ताजा होत नाही, आणि नवा बाह्य ड्राइव्ह दुरुस्तीपेक्षा महाग पडतोच असे नाही. पाच-सहा गावांनी मिळून एक घेतला तरी चालण्यासारखे आहे, कारण त्याचे काम वर्षातून थोडेच दिवस असते.

वाचली, की त्याच दिवशी उतरवावी

दोष सापडला आणि तबकडी वाचली जाऊ लागली, की पुष्कळांना हायसे वाटते व ती पुन्हा कपाटात जाते. येथेच मोठी हानी होते. आज अडखळत वाचली गेलेली तबकडी पुढच्या वर्षी वाचली जाईल असा भरवसा नाही. तिच्यावरील सर्व काही त्याच दिवशी संगणकाच्या हार्ड डिस्कवर आणि आणखी एका पेन-ड्राइव्हवर उतरवावे, आणि तो पेन-ड्राइव्ह दुसऱ्या इमारतीत ठेवावा.

तबकडी फार अडखळत असेल, तर सर्व एकदम उतरविण्याचा आग्रह धरू नये. आधी जे दुसरीकडे मुळीच मिळणार नाही ते घ्यावे. वर सांगितलेल्या बैठकीत बीजप्रक्रियेची चित्रफीत दुसऱ्या गावाकडून मिळाली असती. बांधांची मोजमापे कोठूनही मिळाली नसती. म्हणून प्रथम मोजमापे, मग नकाशे, आणि वेळ उरल्यास छायाचित्रे. एका ड्राइव्हने नाकारलेली तबकडी दुसरा पुष्कळदा स्वीकारतो, तेव्हा परभणी किंवा नांदेडला कामानिमित्त जाणाऱ्याबरोबर ती पाठवून तेथील एक-दोन संगणकांत पाहिल्याशिवाय हात टेकू नयेत. उथळ ओरखड्यावर दात घासावयाची पांढरी पेस्ट मऊ कापडाने मध्यापासून बाहेर चोळण्याचा उपाय लोक करतात, आणि तो कधी कधी लागूही पडतो. परंतु तो सर्वांत शेवटचा, खालच्या बाजूपुरताच, आणि अन्य सर्व ड्राइव्हांनी नकार दिल्यानंतरच करावा.

बैठकीच्या दिवशी तबकडी आदल्या रात्री एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहावी. पहिले पाच मिनिटांचे चित्र दिसले म्हणजे झाले, असे नाही. कडेचा दोष शेवटच्या भागातच उमटतो.

पूर्णेच्या शिवारात हुरड्याच्या दिवसांत फिरणाऱ्याला ज्वारीच्या ताटांवर दोरीने बांधलेल्या तबकड्या वाऱ्यावर फिरताना दिसतील. त्यांच्या लखलखाटाने पाखरे काही दिवस बिचकतात, आणि मग सरावतात. शेतात टांगण्यासाठी तबकडी काढण्यापूर्वी तिच्यावरील नाव वाचावे आणि ती एकदा दुसऱ्या संगणकात घालून पाहावी.